अण्णांचा पाऊण इंच

९ जानेवारी

दादा,

फोनवर मी "ऐकू येतंय का?" आणि तू "काय?" एवढ्यावरच आपलं बोलणं संपतं, म्हणून शेवटी कागद घेतला. छापखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान नेले, पण डोळे शाबूत आहेत ना? मग नीट वाच. आधी कामाचं लिहिते, तब्येतीची चौकशी शेवटी करीन.

मला कोट बेतायला शिकायचंय. हसू नकोस. तुला अण्णांचं दुकान आठवतंय ना? तू पुढे तुझ्या वडिलांच्या शेजारी, बेतायच्या टेबलाशी. मी मागच्या खोलीत काजं करत. "बेबीचा हात बारीक आहे, तिला काजं करू दे," असं अण्णा म्हणाले, माझ्या वडिलांनी मान डोलावली, आणि झालं. काका म्हणून अण्णा फार चांगले, माझा काही राग नाही त्यांच्यावर. पण चौपन्न वर्षांची झाले तरी मी अजून दुसऱ्यानं बेतलेल्या कपड्यांवरच हात फिरवतेय. इथे लाँड्रीच्या मालकीणबाईंनी खिडकीपाशी मशीनला जागा दिलीय. धुवायला आलेल्या कपड्यांतलं जे आल्टर करायचं असेल ते माझ्याकडे येतं. कुणाची लांबी कमी कर, कुणाची कंबर सैल कर. काम भरपूर आहे, पोटापुरतं आहे, तक्रार नाही. पण नवं कोरं कापड टेबलावर पसरून त्यावर पहिली रेघ मारायची, हे मी जन्मात केलेलं नाही रे.

आता ब्लॉगचं सांगते. मालकीणबाईंनी दुकानात कॉम्प्युटर घेतलाय. दुपारी सामसूम असते, तेव्हा मी त्यावर वाचत बसते. एक दातांची डॉक्टर आहे, ती घरामागे भिंत बांधायला शिकतेय. रोज किती विटा लावल्या, किती पडल्या, सगळं लिहिते. एक पोस्टमन आहे, तो बासरी शिकतोय, आणि त्याच्या घरचे काय काय बोलतात तेही लिहितो. हसून पोट दुखतं. ही सगळी मोठी, पोराबाळांची माणसं, दादा! दिवसभर आपापलं काम उरकून शिकायला बसतात. ना वर्ग, ना घंटा, ना कुणी कान उपटणारं. काय जमलं, काय फसलं ते जगापुढे मांडायचं, आणि खाली कुणी ना कुणी सांगतंच, अहो असं करून बघा.

मग मीही सुरू केला. नाव ठेवलंय "उसवून पुन्हा". चार ओळी लिहायला मला दोन दुपारी लागल्या, पण लिहिल्या. पाचवीत माझी शाळा सुटली, तुला ठाऊकच आहे. ही मला दुसरी शाळा मिळालीय आणि ही मला सोडायची नाही.

तर, कोटाची रीत अण्णांनी फक्त तुला सांगितली होती. ती मला लिहून पाठव.

तब्येत कशी आहे?

बेबी

२१ जानेवारी

बेबी,

तब्येत बरी आहे. शेवटी विचारलीस म्हणून शेवटी सांगणार होतो, पण मी तुझ्याएवढा हट्टी नाही.

सूनबाईनं तुझा ब्लॉग कागदावर छापून आणून दिला. वाचला. "आज मी बाही उलटी लावली." बरं, लावलीस. ते चार भिंतींत ठेवायचं की दवंडी पिटायची? अण्णांनी गिऱ्हाइकासमोर कधी "चुकलं" असा शब्द काढला नाही. चुकलेलं मागच्या खोलीत जायचं आणि तिथून बरोबर होऊन बाहेर यायचं. अर्थात मागच्या खोलीत तूच होतीस, तेव्हा तुला हे मी काय सांगणार.

आणि गुरूशिवाय शिकणं मला पटत नाही. मी अण्णांच्या शेजारी तीन वर्षं नुसता खडू धरून उभा होतो. नंतर मला छापखाना आवडला, शिवणकाम सुटलं, तो भाग वेगळा. पण जे कानावर पडलं ते अजून पक्कं आहे. कान होते तेव्हा चांगले होते.

रीत अशी. छातीचं माप घ्यायचं. त्याचा चौथा हिस्सा करायचा. त्यात पाऊण इंच घालायचा. हा झाला एक पल्ला. असे चार: दोन पुढचे, दोन पाठीचे. अंगाला सैल पडावा म्हणून आणि शिवणीसाठी म्हणून जे सोडायचं ते वेगळं. लांबी जशी मोजली तशीच, तिच्यात काही घालायचं नाही. मुंढ्याचं आणि बाहीचं वेगळ्या कागदावर आकृती काढून पाठवतोय, नाहीतर तू पुन्हा उलटी लावशील.

पाऊणच का, ते विचारू नकोस. मी एकदा विचारलं होतं तेव्हा अण्णांनी कात्रीचा दांडा दाखवला होता. पाऊण म्हणजे पाऊण.

तुझा दादा

ता. क. बासरीवाल्या पोस्टमनचंही छापून आणायला सांगितलंय. सहज.

२ मार्च

दादा,

झाला! माझा कोट झाला!

अरे, काय सांगू तुला. कापड पसरलं तेव्हा एकच रेघ मी इतक्यांदा पुसून पुन्हा मारली की मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, कोट बेतताय की ऑपरेशन करताय?" त्यांनीच कापडाचं टोक धरलं. पहिली कात्री चालली आणि त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे, त्यात काय. मग मात्र हात सुटला. अंगावर घातला आणि आरशात बघतच राहिले. खांदे जागच्या जागी, छातीशी कुठे चुणी नाही, चपखल! बारीकसारीक खोडी आहेत, त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

सगळं ब्लॉगवर टाकलं. अण्णांची रीत, तुझी आकृती, टेबलावरच्या कापडाचे आणि अंगातल्या कोटाचे फोटो. आणि तुला विश्वास बसणार नाही, लोक शिवायला बसलेत! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंत अर्धी सोडून कापड आणलंय. पोस्टमन बायकोसाठी शिवतोय, म्हणजे बासरीचा राग जरा निवळेल असं त्याला वाटतंय. आणि एक बसवाली आहे. शहरात बस चालवते. तिला आता नव्या चालकांना शिकवायचं काम मिळालंय, मे महिन्यात सुरू होईल. पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं शिवलेला कोट घालून जायचं असं तिनं ठरवलंय. रोज काहीतरी विचारते. मीही घरी जाऊन विचार करते, सकाळी लवकर येऊन उत्तर लिहिते. एखादी गोष्ट दुसऱ्याला सांगायला बसलं की आपल्याला ती किती कमी कळलीय ते समजतं बघ. बाही आधी का टाचायची हे मला तिला सांगता सांगता कळलं.

मला "ताई" म्हणतात सगळे. बसवाली तर एकदा "बाई" म्हणाली, शाळेत म्हणतात तसं. मी दिवसभर हवेत होते.

तुझी रीत आहे म्हणून हे झालं. तुझ्या नावाचा उल्लेख केलाय, "माझे दादा" असा.

बेबी

१४ मार्च

बेबी,

फोटो पाहिला. सूनबाईनं रंगीत छापून आणला. कोट झकास बसलाय. अण्णा असते तर काही बोलले नसते, म्हणजे त्यांना आवडला असता.

दुसरं बटण किंचित खाली आहे. बघणाऱ्याला कळणार नाही, मला कळलं.

रीत पक्की होती की नाही? इतकी वर्षं झाली तरी एक अक्षर इकडचं तिकडं नाही. सूनबाई म्हणते, "बाबा, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि हे बरं आठवतं." तिला म्हटलं, चष्मा कुठे ठेवायचा हे मला अण्णांनी शिकवलेलं नाही.

तुझ्या त्या बसवालीला सांग, लोकरी कापड असेल तर आधी वाफ द्यायची, नाहीतर नंतर आटतं. तिच्या प्रश्नावरून वाटत नाही तिनं दिली असेल. आणि पोस्टमन भलताच सूर धरतोय, असं मला त्याच्या लिहिण्यावरूनच ऐकू येतं.

दादा

६ एप्रिल

दादा,

मी ब्लॉग बंद करतेय. तुला आधी सांगावं म्हणून लिहिते.

सगळ्यांचे कोट ढगळ झालेत. एकाचा नाही, दोघांचा नाही, ज्यांनी ज्यांनी बेतला त्या सगळ्यांचा. डॉक्टरीणबाई फोटो टाकून म्हणतात, आता यात भिंतीच्या विटा भरून नेता येतील. त्या हसतात तरी. पोस्टमनची बायको म्हणाली, बासरी परवडली. आणि बसवालीनं काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगते: "ताई, तुमच्या कोटात मी आणि माझी बहीण दोघी मावू. चांगलं लोकरी कापड होतं, दोन वर्षं जपून ठेवलेलं. तुमच्यावर भरवसा ठेवून कात्री लावली."

वाचलं तेव्हा खिडकीत बसून होते, समोर एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं, आणि मला ते काय बोलतंय हे ऐकूच येईना. तुझ्यासारखं झालं.

माझा कोट मी दहादा घालून पाहिला. चपखल! तीच रीत, तोच पाऊण इंच. मग त्यांचे का असे? मी तीन तीनदा वाचलं, लिहिण्यात काही चुकलंय का. नाही रे. तुझं पत्र समोर ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला.

काजं करणारीनं काजं करावीत, हेच खरं दिसतंय. स्वतःचं कापड वाया गेलं असतं तर मी उसवून पुन्हा बसले असते. पण लोकांचं वाया घालवलं. मला शिकायचं होतं ते माझ्यापुरतं ठेवायला हवं होतं. शाळा म्हणत होते ना मी त्याला? शाळेत पोराचं चुकलं तर पोराचं नुकसान. इथे माझं चुकलं आणि भुर्दंड सगळ्यांना.

येत्या रविवारी मालकीणबाई नसतील, तेव्हा बसून शेवटचं चार ओळींचं लिहीन, माफी मागीन आणि बंद करीन. खूप रडू येतंय, पण तू काळजी करू नकोस, जेवते आहे.

बेबी

१३ एप्रिल

बेबी,

रीत चुकलेली नाही. माझी आठवण पक्की आहे. अण्णांनी त्या रीतीवर शेकड्यांनी कोट बेतले, एकही परत आला नाही. लोकांना माप घेता येत नाही, श्वास रोखून छाती फुगवतात आणि मग ओरडतात.

बंद करणार असशील तर कर. मी पहिल्यापासून सांगत होतो. समोर उभं राहून शिकवायचं काम असं कागदावरून आणि फोटोवरून होत नाही. तू रडतेस म्हणून लिहितोय, रागावून नाही. कापडाचं लोक विसरतील. तुझं काम चांगलं आहे, हात चांगला आहे, कशाला ही नसती आफत?

पण खरं सांगायचं तर मला चैन पडत नाही. सूनबाईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन बसलोय. काही सापडलं तर कळवतो.

दादा

२५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की विचारू नकोस. "बंद करणार असशील तर कर" म्हणे! मी बंद करणार म्हटलं म्हणून तूही लगेच हो म्हणायचं? पण तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा सगळं पालटलं होतं, म्हणून तू वाचलास.

नीट ऐक. म्हणजे वाच.

त्या रविवारी मी शेवटचं लिहायला बसले. "वाचकहो, मला क्षमा करा" एवढं लिहिलं आणि बघते तर बसवालीचं आणखी काहीतरी आलेलं. मी डोळे मिटूनच उघडलं म्हण ना. तर ती विचारत होती: "ताई, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. तुमच्या टेपला पहिला इंच नाहीये. टोक थेट एकच्या रेघेवर कापलंय. मुद्दाम आहे का?"

मी टेप उचलून बघितला. अरे, मुद्दाम काय, माझा टेप नेहमी तसाच असतो! नवा आणला की मी पहिला इंच कचकन कापून टाकते. अण्णा कापायचे म्हणून मी कापते. मला वाटायचं, ते पितळी टोक कापडाला ओरखडे काढतं म्हणून. आल्टरचं माझं सगळं काम अंगावर टाचण्या लावून चालतं, टेप लागतोच किती? कधी काही बिघडलं नाही. टेप तोकडा आहे हे मला माहीत होतं. पाऊण घालायचा हे तू सांगितलंस. पण दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!

आता हिशोब बघ. समज, छाती छत्तीस. आपला टेप एकपासून सुरू, म्हणून तो सदतीस दाखवणार. सदतीसचा चौथा हिस्सा सव्वानऊ. त्यात पाऊण घातला की दहा. आता त्याच टेपनं दहापर्यंत कापड मोजलं, तर कापड खरं किती येतं? नऊ. आणि छत्तीसचा चौथा हिस्सा? नऊच! कुठल्याही छातीचं करून बघ, बरोबर येतं. अण्णांचा पाऊण इंच म्हणजे त्या कापलेल्या इंचाची भरपाई होती रे, बाकी काही नाही. या लोकांचे टेप धडधाकट. त्यांनी नऊमध्ये पाऊण घातला, चार पल्ल्यांचे तीन इंच वाढले, आणि कोटात बहिणीसकट मावायला लागले.

मी दुकानात एकटी होते, मोठ्यानं हसायला लागले. मग रडले. मग पुन्हा हसले.

"वाचकहो, मला क्षमा करा" तसंच ठेवलं आणि पुढे हे सगळं लिहिलं. एक अक्षर लपवलं नाही. जुनी चुकीची रीतही पुसली नाही, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि का चुकली ते बाजूला लिहिलं. मग म्हटलं, कोट ढगळ झालाय ना, मग घाबरायचं काय? तोकडा झाला असता तर रडायची वेळ. जास्तीचं आत घेणं हे तर मी रोज सकाळी चहाच्या आधी करते! बगलेखालच्या दोन्ही शिवणी आणि पाठीची मधली, तीन इंच कसे वाटून आत घ्यायचे, अस्तर कुठून उघडायचं, मुंढ्याला धक्का न लावता कसं थांबायचं, सगळं फोटो काढून पायरीपायरीनं टाकलं. लिहिताना एकदाही अडले नाही. आल्टर म्हणजे काही विद्या असते असं मला कधी वाटलंच नव्हतं. या एका लिखाणाला जितकी माणसं आली तितकी आधीच्या सगळ्यांना मिळून आली नव्हती.

बसवालीनं दोन दिवसांत कोट उसवला, आत घेतला, फोटो टाकला. खांद्यापासून खालपर्यंत असा सरळ उतरलाय की काय सांगू. फोटोखाली लिहिलंय, "आता बहीण मावत नाही." माझा जीव भांड्यात पडला.

बंद वगैरे काही करत नाही मी. पण एक सांग, अण्णा टेप का कापायचे?

बेबी

५ मे

बेबी,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे तुमचं सगळं घराणंच एक इंच सरकलेलं?" म्हटलं, हो, असं म्हणायला हरकत नाही.

अण्णांचं सांगतो. मी खडू धरून उभा असायचो त्या दिवसांतली गोष्ट. इस्त्री टेपवर राहिली आणि टोक जळालं. अण्णांनी जळका इंच कापला, कडेला दोरा मारला आणि म्हणाले, माप याच टेपनं घ्यायचं, बेतायचंही यानंच, बिघडतं काय? पहिला कोट बिघडला. मग त्यांनी सदऱ्यावर, कागदावर, भिंतीवर आकडे मांडले आणि पाऊण शोधून काढला, पण तो त्या कापलेल्या इंचासाठी हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत उमगलं नव्हतं. पुढे तो टेप फाटला. नवा आला. तोवर पाऊण हाताला इतका बसला होता की अण्णांनी नव्या टेपचाच इंच कापला! त्यानंतर प्रत्येक टेपचा. मी समोर उभा राहून हे बघितलंय, बेबी. मला वाटायचं, सगळे शिंपी असंच करतात. छापखान्यात पहिल्यांदा अख्खा टेप वापरात बघितला तेव्हा मला वाटलं, यांचा शिंपी आळशी आहे.

आणि गिऱ्हाइकं आठवतात? "अण्णा, तुमच्या दुकानात आलं की मी एक इंच जाड होतो!" सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. कुणी पुढे विचारायचं नाही. मी विचारलं तेव्हा दांडा दिसला, मग मीही गप्प बसलो. तुझ्या बसवालीला दांडा दिसत नाही, ते बरं झालं.

मी "बंद कर" लिहिलं ते मागे घेतो. माझी रीत खोटी पडेल याची मला जास्त भीती वाटली होती, तुझ्या शाळेची कमी.

आता आणखी एक. सूनबाईचा अख्खा टेप हातात होताच, म्हणून बसलो. तुझ्या ब्लॉगवरची नवी रीत पुढ्यात ठेवली, पाऊण न घालता, आणि एक कोट बेतला. इतक्या वर्षांनी. जेवणाचं टेबल चार दिवस अडवलं, घरात सगळ्यांच्या पायांना दोरे. अंगात उत्तम बसला. पण कॉलर दगा देतेय. दोन्ही टोकं वर वळतात. इस्त्री केली की तासभर बरी, मग पुन्हा वर. ते अण्णा स्वतः करायचे, मला दिलं नाही. काय चुकलं असेल? लगेच लिही, सूनबाईला टेबल परत हवंय.

दादा

१६ मे

दादा,

तू कोट बेतलास! मालकीणबाईंना सांगितलं, दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, ज्यांना तुझा काही पत्ता नाही त्यांनाही सांगितलं. मला इतकं बरं वाटलंय की आज एका गिऱ्हाइकाची पँट फुकट करून दिली.

पण कॉलरचं मी पत्रात सांगणार नाही.

ब्लॉगवर विचार. खाली चौकोन असतो, त्यात लिहायचं. "माझे दादा" म्हणून तुला सगळे ओळखतात, म्हणून तर तू कचरशील हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनी ज्याची रीत वाचली त्यानं कॉलरसाठी विचारायचं म्हणजे काय, असं तुला वाटणार. वाटू दे. मला बाही उलटी लावल्याचं लिहिताना वाटलं नव्हतं? दुसऱ्या कुणाचीही टोकं वर वळत असतील आणि तोही लाजून गप्प बसला असेल. तू विचारलंस तर त्याचंही काम होईल.

सूनबाईला लिहायला सांगू नकोस. स्वतः लिही. एकेक अक्षर शोधून दाबायचं. दोन दुपारी लागतील, मला लागल्या होत्या.

आणि तिला सांग, टेबल मिळेल, जरा दम धर.

बेबी

२९ मे

बेबी,

लिहिलं. दोन नाही, तीन दुपारी लागल्या. "कोटाच्या कॉलरची टोकं वर वळतात. काय चुकलं असेल?" एवढंच. खाली नाव काय घालू म्हणून अडलो, मग "दादा" लिहिलं. ते बटण दाबताना मला घाम फुटला. या वयात वर्गात उभं राहून बोट वर केल्यासारखं वाटलं. मग पाणी पिऊन येतो तोवर उत्तर आलेलं होतं!

तुझ्या बसवालीचं. "दादा, माझीही वळली होती. वरची आणि खालची कॉलर तुम्ही एकसारखीच बेतली असेल. खालची अगदी किंचित लहान हवी, म्हणजे ती वरचीला आत ओढून धरते. उसवा, खालचीची कड जरा छाटा आणि पुन्हा लावा. घाबरू नका." घाबरू नका म्हणाली मला! तिची शिकवणी सुरू झालीय ना, आता सगळ्यांना तसंच बोलत असणार.

उसवली. छाटली. लावली. टोकं खाली बसलीत, इस्त्रीसुद्धा लागली नाही. काल तोच कोट घालून फिरून आलो. सूनबाईनं टेबल पुसून ताब्यात घेतलंय.

पण मी तुझ्या उत्तराची वाट बघत होतो. संध्याकाळी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. तू काही बोलली नाहीस. रागावलीस का?

दादा

८ जून

दादा,

रागावते कशाला? मी सगळं वाचत होते. तू लिहिलंस ते आलं तेव्हा मी खिडकीत बसलेच होते, आणि तिचं उत्तर येईपर्यंत श्वास रोखून होते.

ते मी ब्लॉगवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिचं तिनं शोधून काढलं.

आणि खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या कोटाची टोकं पहिल्या दिवसापासून वर वळतात. फोटो काढायच्या आधी मी इस्त्रीनं दाबून घेतली होती, म्हणून तुला दिसली नाहीत. तुला बटण दिसलं. मला विचारायची लाज वाटत होती, सगळे "ताई ताई" म्हणतात ना. म्हणून तर तुला म्हटलं, तिथे विचार.

आज दुपारी उसवली.

बेबी